वही कोणाच्या हातीं ?

दरवर्षीं दहावीचा निकाल लागला कीं कोंकण विभागाचें नांव सर्वांच्या वर झळकतें. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचें निराळें परीक्षा मंडळ झाल्यापासून हा पहिला नंबर कोंकणानें सोडलेला नाहीं. २०२४ सालीं या विभागांत शेंकडा ९९.०१ मुलें पास झालीं; २०२५ सालीं शेंकडा ९८.८२ झालीं. डोंगर उतरून, पऱ्ये ओलांडून शाळेंत येणाऱ्या कुणब्यांच्या, भंडाऱ्यांच्या, गाबितांच्या, धनगरांच्या, सुतार-कुंभारांच्या आणि बौद्धवाडींतल्या पोरांचा या यशांत मोठा वांटा आहे. त्या पोरांचें आम्ही मनापासून अभिनंदन करतों, आणि ज्या मास्तरांनीं त्यांच्यासाठीं घसा कोरडा केला त्यांचे उपकार मानतों.

परंतु पेढा खाऊन झाल्यावर एक प्रश्न विचारावाच लागतो. हे शेंकडा ९९ कोणांपैकीं ? परीक्षेला जे बसले त्यांच्यापैकीं. जो बसलाच नाहीं तो या हिशेबांत नाहीं. पांचवीच्या वर्षीं जीं मुलें आपल्या वाडींतून हायस्कुलाच्या वाटेला लागलीं, त्यांतलीं किती दहावीच्या बाकापर्यंत पोंचलीं ? नववींत किती मागें राहिलीं ? कोणती मुलगी आठवीनंतर घरीं बसली, कोणता मुलगा होडीवर गेला, कोणता मुंबईस मामाकडे जाऊन हॉटेलांत लागला ? पास झालेल्यांतले किती अकरावीला गेले, आणि गेलेल्यांतले किती टिकले ? या प्रश्नांचीं उत्तरें निकालाच्या कागदावर नाहींत. तीं शाळेच्या हजेरीपटांत आहेत आणि वाडीवाडीच्या घरांत आहेत. तेथून तीं काढावयाचीं, मोजावयाचीं, ताडून पाहावयाचीं आणि लोकांपुढें मांडावयाचीं, ही एक विद्या आहे. मोठ्या शब्दांत तिला संशोधन म्हणतात. हायस्कुलांतल्या शिक्षकांस ही विद्या नीट शिकविली गेली पाहिजे, आणि त्यांनीं ती आपल्या गांवासाठीं वापरली पाहिजे, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

संशोधन हा शब्द ऐकला कीं आमचा शेतकरी म्हणतो, "तें पुण्यामुंबईच्या विद्वानांचें काम, आपल्याला त्याचें काय ?" बंधूंनो, हा शब्द तुमच्या घरचा आहे. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं जोतीरावांनीं पुण्यास जो समाज स्थापिला त्याचें नांव सत्यशोधक समाज. शोध ही गोष्ट त्यांनीं पंडितांच्या पोथींतून उचलून रयतेच्या ओटीवर आणून ठेविली. अमक्यानें सांगितलें म्हणून मानूं नका, डोळ्यांनीं पाहा, विचारा, पडताळा, आणि मग बोला. सगळ्या संशोधनाचें सार यांतच आहे. याच जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनला लेखी निवेदन दिलें. सरकारचा बहुतेक वसूल रयतेच्या घामांतून येतो आणि विद्येवरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हें त्यांनीं त्यांत बजावलें. शाळांचे मास्तर शेतकरी वर्गांतून तयार करावे, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरावयास ज्यांना लाज वाटणार नाहीं असे असावे, अशीहि त्यांची मागणी होती. कारण असा मास्तर लोकांत मिसळेल आणि त्यांच्या गरजा ओळखील.

तो मास्तर आज आला आहे. आमच्या घरांतलींच मुलें-मुली पदव्या घेऊन हायस्कुलांत शिकवीत आहेत. नांगराच्या मुठीला हात लागलेला माणूस खुर्चीवर बसला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु नांगर धरणाऱ्याच्या घरांतला प्रश्न त्या मास्तरच्या वहींत आला काय ? तो आला नसेल तर जोतीरावांची मागणी अर्धीच पुरी झाली असें आम्ही समजतों.

वहीची किंमत रत्नागिरीच्या कुळांना कोणी शिकवावयास नको. खोतीच्या काळीं कुळानें किती भात घातलें, किती बाकी राहिलें, हें खोताच्या वहींत असे. कुळाला अक्षर येत नसे. वहींत लिहिलें तें खरें, आणि कुळ तोंडानें सांगेल तें खोटें. ज्याच्या हातीं वही त्याच्या हातीं न्याय. मंडणगड तालुक्यांतलें आंबडवे ज्यांचें मूळ गांव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १७ सप्टेंबर १९३७ रोजीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें, आणि अखेर १९४९ सालीं तसा कायदा झाला. खोत गेला. वही मात्र गेली नाहीं. ती दुसऱ्या हातीं गेली, एवढेंच.

आज प्रत्येक शाळा दरवर्षीं यू-डायसची माहिती संगणकावर भरते. पट किती, खोल्या किती, मुलींसाठीं मुतारी आहे काय, कितीजण शाळा सोडून गेले, असे शेंकडों रकाने. माहिती भरतो मास्तर. ती जाते वर. आणि त्या आंकड्यांवर कोठें शिक्षक द्यावा, कोणती शाळा दुसऱ्या शाळेंत मिळवावी, याचे निर्णय होतात. त्यांतली बरीच माहिती कोणालाहि पाहतां येते, हें खरें. पण पाहणार कोण, आणि पाहून आपल्या वाडीशीं ताडून घेणार कोण ? वही लिहितो एक, वाचतो दुसरा, निर्णय करतो तिसरा, आणि ज्याच्या पोराचा निर्णय होतो तो चौथा शेतांत चिखलणी करीत असतो. हा जुनाच खेळ नव्या पाटीवर चालला आहे. तो मोडावयाचा तर लिहिणाऱ्यानेंच वाचावयास शिकलें पाहिजे.

एक साधें उदाहरण घेऊं. २००९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानानें असें माप धरलें कीं पांच किलोमीटरच्या आंत प्रत्येक मुलाला माध्यमिक शाळा असावी. त्याच सालचा शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंतच मुलाचा हात धरतो. म्हणजे जेथें वाट लांब होते तेथेंच कायद्याचा हात सुटतो. आणि पांच किलोमीटर कोणते ? नकाशावरचे. मध्यें खाडी आहे, घाटी आहे, आषाढांत कमरेइतका चढणारा पऱ्या आहे, हें नकाशाला दिसत नाहीं. मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नांवानें एस. टी.चा फुकट पास मिळतो, ही चांगली गोष्ट आहे. पण शाळा साडेदहाला आणि गाडी साडेअकराला, असें जेथें असेल तेथें पास दप्तरांत आणि पोर घरांत.

आतां अशा शाळेंतल्या एखाद्या भूगोलाच्या मास्तरनें काय करावें ? त्यानें आठवी-नववीच्या चाळीस मुलांना दोन आठवडे रोज तीन गोष्टी लिहावयास सांगाव्या : घरून किती वाजतां निघालों, शाळेंत किती वाजतां पोंचलों, गाडी आली कीं चुकली. हेंच काम एकदां श्रावणांत आणि एकदां मार्गशीर्षांत करावें. मुलांनीं आपल्या वाटेचा नकाशा स्वतः काढावा. शेजारीं हजेरीपट ठेवावा. कोणत्या वाडीचीं मुलें कोणत्या महिन्यांत गैरहजर राहतात हें चार दिवसांत डोळ्यांसमोर येईल. याला ना मोठें यंत्र लागतें, ना मोठा पैसा. असा कागद हातीं घेऊन सरपंच आणि पालक आगारांत गेले तर साहेबाशीं होणारें बोलणें निराळें होतें. गाऱ्हाण्याला आश्वासनानें उत्तर देतां येतें; पुराव्याला पुराव्यानेंच उत्तर द्यावें लागतें.

वाटेची गोष्ट झाली, तशीच वर्गाच्या आंतली गोष्ट. प्रथम या संस्थेनें २०२३ सालीं देशांतल्या २८ जिल्ह्यांत घरोघर जाऊन १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची पाहणी केली. सुमारें चौथा हिस्सा मुलांना आपल्या भाषेंतला दुसरीच्या इयत्तेचा मजकूर सरळ वाचतां आला नाहीं, आणि तीन आंकडी संख्येला एक आंकडी संख्येनें भागावयाचें गणित जेमतेम शेंकडा ४३ मुलांना आलें. महाराष्ट्रांतून त्यांत एकटा नांदेड जिल्हा होता, रत्नागिरी नव्हती. पण त्या पाहणीचीं साधनें पाहा : एक वाचावयाचा कागद आणि एक भागाकार. हीं दोन साधनें रत्नागिरीच्या कोणत्या हायस्कुलांत नाहींत ?

येथेंच कौशल्याचा प्रश्न येतो. नुसती हौस पुरत नाहीं. "मुलें अभ्यास करीत नाहींत" हा प्रश्न नव्हे, ती कुरकुर आहे. "आठवीच्या या तुकडींतल्या किती मुलांना विज्ञानाच्या पुस्तकाचें एक पान न अडखळतां वाचतां येतें ?" हा प्रश्न, कारण त्याचें उत्तर मोजतां येतें. प्रथम प्रत्येक मुलाला एकट्याला बसवून वाचून घ्यावें आणि नोंद करावी. मग एकच बदल करावा. उदाहरणार्थ, आठ आठवडे रोज वीस मिनिटें दोघादोघांनीं एकमेकांना मोठ्यानें वाचून दाखवावें. मग पुनः तसेंच वाचून घ्यावें.

कोणी म्हणेल, झालें, वाचन सुधारलें, संशोधन संपलें. नाहीं. शेतकऱ्याला यांतली खोंच लगेच कळेल. नवें बियाणें पेरलें आणि त्याच वर्षीं पाऊसहि वेळेवर पडला, तर पीक बियाण्यानें आलें कीं पावसानें, हें कसें ठरवावें ? म्हणून शहाणा शेतकरी अर्ध्या खाचरांत जुनें आणि अर्ध्यांत नवें लावून पाहतो. शिरगांवच्या कृषि संशोधन केंद्रांतून 'रत्नागिरी २४' सारखे भाताचे वाण निघाले ते असेच जुन्याशेजारीं नवें लावून आणि दोहोंचें उत्पन्न मापून निघाले. मुलें आठ आठवड्यांत वयानें आणि नेहमीच्या शिकवण्यानेंहि थोडीं सुधारतातच. म्हणून जिला हा नवा उपाय दिला नाहीं अशा दुसऱ्या तुकडीचेंहि वाचन त्याच दिवशीं, त्याच कागदावर घ्यावें आणि दोन्हींतला फरक पाहावा. उपाय गुणकारी ठरला तर तो दुसऱ्या तुकडीलाहि लागलीच द्यावा. पोरें म्हणजे खाचरें नव्हेत. नाहीं ठरला तर तसें स्पष्ट लिहावें. आणि कुंभार जसा मडकें विकण्यापूर्वीं टिचकी मारून पाहतो, तशी आपल्या निष्कर्षाला दुसऱ्या शाळेंतल्या मास्तरकडून टिचकी मारून घ्यावी.

वर्गांतल्या मास्तरनें आपल्याच अडचणीचा शोध घ्यावा आणि त्यांतून आपलें काम सुधारावें, या रीतीला कृतिसंशोधन म्हणतात. हें नांव रूढ करणारा कुर्ट लेविन हा जर्मनींतला ज्यू. हिटलरचा अंमल सुरू होतांच १९३३ सालीं तो अमेरिकेस गेला. १९४६ सालीं त्यानें या विषयावर जो प्रसिद्ध लेख लिहिला तो अल्पसंख्य लोकांच्या प्रश्नांविषयींच होता. ज्याच्या पायाला कांटा बोचला त्यालाच शोधाची निकड कळली. पुढें १९५३ सालीं स्टीफन कोरी यांनीं शाळामास्तरांसाठीं या रीतीचें पुस्तक लिहिलें. ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयांत होते. याच विद्यापीठांत १९१३ ते १९१६ या सालीं बाबासाहेब शिकले. आंकडा कसा विचारावा आणि कसा मांडावा हें त्यांस पुरें ठाऊक होतें. १९२८ सालीं सायमन कमिशनपुढें बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फें मुंबई इलाख्यांतल्या दलित वर्गांच्या शिक्षणाची स्थिति त्यांनीं मांडली ती रडगाण्यानें नव्हे, आंकड्यांनिशीं मांडली.

मग आमच्याकडे ही विद्या शिकविलीच जात नाहीं काय ? कागदोपत्रीं शिकविली जाते. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. रत्नागिरीसहि ती आहे. बी. एड.च्या अभ्यासक्रमांत कृतिसंशोधन आहे. २०२० च्या धोरणानें प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तासांचें प्रशिक्षण सांगितलें आहे. राज्य शैक्षणिक संशोधन परिषद नवोपक्रमांच्या स्पर्धा भरविते. लहान मुलांसाठीं १९९३ पासून बालविज्ञान परिषद भरूं लागली, आणि तींत मुलांनीं आपल्या भोंवतालच्या प्रश्नाचा शोध घ्यावा अशी अपेक्षा ठेविली गेली. म्हणजे भांडीं पुष्कळ आहेत. रांधलेलें अन्न किती हा प्रश्न आहे.

कोठें कोठें काय चालतें तें सर्वांस ठाऊक आहे. पांच प्रकरणांचा अहवाल, तोच मुखपृष्ठाचा रंग, गेल्या वर्षींच्या अहवालांतलें गांवाचें नांव खोडून घातलेलें नवें नांव, आणि शेवटीं ठरलेलें वाक्य कीं उपक्रम यशस्वी झाला. ज्या शोधाला कधींच अपयश येत नाहीं तो शोध नव्हे, तें प्रशस्तिपत्र आहे. प्रशिक्षण म्हणावें तर मोबाईलवर चित्रफीत सुरू करून ठेवावयाची, शेवटीं प्रमाणपत्र उतरवून घ्यावयाचें, आणि तासांची भरती झाली. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार ?

यांत सगळा दोष मास्तरांचा आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. निवडणुकीचें काम मास्तरनें करावें, मतदारयाद्या मास्तरनें फिराव्या, शिरगणति मास्तरनें करावी, वरून आलेली माहिती आजच्या आज मास्तरनें भरावी. एका मास्तरच्या गळ्यांत तीन-तीन विषय. अशा माणसाला संध्याकाळीं "आतां संशोधन कर" म्हणणें म्हणजे दिवसभर नांगराला जुंपलेल्या बैलाला रात्रीं गाड्याला जुंपणें आहे. शिवाय एक भीति असते ती कोणी बोलून दाखवीत नाहीं. शोधांतून जें निघेल तें संस्थाचालकांना रुचेल काय ? नववींत कच्च्या निघालेल्या मुलाला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसावयास सांगावयाचें आणि शाळेचा निकाल राखावयाचा, ही युक्ति राज्यांत अनेक ठिकाणीं ऐकूं येते. आमच्या शाळेंत ती नाहीं असें छातीठोकपणें ज्यांना सांगावयाचें आहे, त्यांना तरी पुरावा कोठून मिळणार ? शाळेच्या वहींतूनच. स्वच्छ शाळेला शोधाची भीति नाहीं, उलट तिचा तो आधार आहे.

हायस्कुलांतल्या मास्तरला संशोधन झेपेल काय, अशी शंका कोणी काढूं नये. धर्मशास्त्राचा इतिहास लिहून १९६३ सालीं भारतरत्न झालेले पांडुरंग वामन काणे विसाव्या शतकाच्या आरंभीं रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलांत शिक्षकच होते. त्यांच्या व्यासंगापुढें आम्ही मान लववितों. आमचें म्हणणें इतकेंच कीं धर्मशास्त्राला शोधक मिळाला, तसा आठवींत शाळा सोडणाऱ्या गुराख्याच्या पोरालाहि मिळाला पाहिजे.

आणि गुराखी कांहीं जाणत नाहीं असें तरी कोणी म्हणूं नये. आपल्या सड्यांवरचीं कातळशिल्पें पाहा. कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचें गोठणें, जांभरूण, उक्षी या गांवांच्या जांभ्या कातळावर हत्ती, मासे, माणसें आणि नाना आकृति कोरलेल्या आहेत. त्या दहा-बारा हजार वर्षांपूर्वींच्या असाव्या असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनीं सड्यांमागून सडे पायांखालीं घालून त्यांचा शोध लाविला. पण त्यांनीं प्रथम काय केलें ? गुराख्यांना आणि गांवच्या म्हाताऱ्यांना विचारलें. शाळांची मदत घेतली. मुलांकडून त्यांच्या आजा-आजीला विचारून घेतलें, आणि त्यांतून पुष्कळ ठिकाणांचा पत्ता लागला. २०२२ सालीं रत्नागिरीचीं हीं सात ठिकाणें, सिंधुदुर्गांतलें कुडोपी आणि गोव्यांतलें फणसईमाळ मिळून जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत गेलीं. ज्या कातळावर बसून आमचा गुराखी भाकर खात होता, त्याची कीर्ति सातासमुद्रांपार पोंचली. ज्ञान गांवांत होतें. विचारणारा यावयाचा राहिला होता. तो विचारणारा उद्यां गांवच्याच हायस्कुलांतून कां निघूं नये ?

याच बारसूच्या सड्यावर २०२३ सालीं तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यासाठीं मातीची तपासणी झाली, तेव्हां केवढा गदारोळ उठला तें सर्वांस स्मरत असेल. त्या वादाचा निवाडा हा आजचा विषय नव्हे. परंतु आपल्या सड्यावर काय आहे, विहिरींना वैशाखांत किती हात पाणी असतें, गुरें कोठें चरतात, कलमें किती, मासळी कोठें उतरते, याची पांच-दहा वर्षांची नोंद ज्या गांवच्या शाळेंत आहे तें गांव सरकारशीं, कारखानदाराशीं आणि पुढाऱ्याशीं बरोबरीनें बोलेल. ज्या गांवापाशीं ती नाहीं त्याला दुसऱ्याच्या वहींतला आंकडा मानावा लागेल, मग तो कोणत्याहि बाजूचा असो.

म्हणून आमच्या कांहीं सूचना आहेत. जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, प्रशिक्षण संस्था आणि शाळांचे चालक यांनीं त्यांचा विचार करावा. पहिली, दोन दिवसांचीं व्याख्यानें पुरेत. मास्तरनें आपल्या शाळेंतला एक जिवंत प्रश्न घ्यावा, आणि वर्षभर तोच प्रश्न धरून त्याला शिकवावें. जवळच्या पांच-सहा हायस्कुलांतल्या मास्तरांनीं महिन्यांतून एकदां बसून एकमेकांच्या नोंदी तपासाव्या. दुसरी, त्यासाठीं वेळापत्रकांत आठवड्याला एक-दोन तास मोकळे द्यावे आणि वरचें कागदी काम तितकें उतरवावें. तिसरी, अहवाल मराठींत असावा, आठ-दहा पानांचा असावा, आणि कपाटांत जाण्यापूर्वीं तो पालकसभेंत आणि ग्रामसभेंत मोठ्यानें वाचला जावा. चौथी, फसलेल्या प्रयोगाचा प्रामाणिक अहवाल देणाऱ्या मास्तरचा मान यशस्वी म्हणविणाऱ्याइतकाच ठेवावा. मग खोटें लिहिण्याचें कारण उरणार नाहीं. पांचवी, प्रत्येक शाळेनें पांचवींत आलेल्या मुलांची एक वही ठेवावी आणि दहावीनंतर दोन वर्षांपर्यंत त्यांचा माग ठेवावा. मुलांचीं नांवें बाहेर फुटूं नयेत. आंकडे मात्र गांवाला कळावे.

आतां दोन शब्द तुम्हांस, शेतकरी आणि कारागीर बंधुभगिनींनो. मास्तर घरीं येऊन विचारूं लागला कीं मुलगी शाळेंत कां येत नाहीं, तर "बरें नव्हतें" म्हणून त्याला वाटेला लावूं नका. काजूच्या बिया वेंचावयास गेली होती, धाकट्या भावाला सांभाळीत होती, गाडी नव्हती, फीला पैसे नव्हते, खरें असेल तें सांगा. खोट्या उत्तरावर बांधलेला शोध वाळूवरच्या घरासारखा. आणि पुढच्या पालकसभेंत मास्तरांना आदबीनें तीन प्रश्न विचारा : गुरुजी, पांच वर्षांपूर्वीं पांचवीला किती मुलें होतीं आणि त्यांतलीं दहावीला किती आलीं ? बाई, आठवीच्या किती मुलांना पुस्तक सरळ वाचतां येतें ? आणि या दोहोंसाठीं यंदां आपण काय करून पाहणार, व तें साधलें कीं नाहीं हें आम्हांला केव्हां सांगणार ? उत्तर तयार नसेल तर रागावूं नका. पुढच्या सभेपर्यंत मुदत द्या आणि पुनः विचारा. विचारणारे पालक असले म्हणजे शोधणारे मास्तर तयार होतात.

शेंकडा ९९ चा मान कोंकणानें कमावला आहे. त्या शेंकड्याच्या बाहेर उभें असलेलें जें पोर, त्याचें नांव कोणत्या वहींत आहे हें आतां शोधावयाचें आहे. खोताची वही गेली तेव्हां कुळ जमिनीचा धनी झाला. आपल्या मुलांच्या विद्येची वही आपल्या मास्तरांच्या हातीं येईल आणि ती आपल्यापुढें उघडली जाईल, तेव्हां या विद्येचा धनीहि आपण होऊं. तें काम येत्या पालकसभेपासून सुरू करतां येईल.